बुलडॉग हवाय? आधी ही नळी धरा

माझ्या आईला लोक पाठीमागे बुलडॉग म्हणायचे. पाठीमागे म्हणजे अगदी पाठीमागे, कारण तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. ती सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायची. रुंद जबडा, आखूड मान, खाली ओढलेले ओठ, गळ्यात शिट्टी, आणि काठावर पाय असे रोवलेले की तलाव हलेल पण बाई हलायची नाही. तिला हे नाव माहीत होतं. एकदा कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर कोणीतरी खडूने चित्र काढलं, कुत्र्याचं तोंड आणि खाली शिट्टी. आईने ते नीट निरखलं, "कान चुकलेत," म्हणाली आणि वर्ग सुरू केला.

तिची शिकवायची रीत वेगळी होती. पहिल्या दिवशी ती कोणाला पाण्यात उतरवायचीच नाही. काठावर ओळीने बसवायची, प्रत्येकाच्या हातात पाण्याचा मग आणि सरबत पितात तसली एक नळी. "फुंका. बुडबुडे काढा. श्वास सोडता आला की घेता येतो. हातपाय काय, कोणीही मारतं." नळ्यांचा तो बिस्किटांचा जुना डबा घरी आणून ती रोज धुवायची. मग एकदा माणूस पाण्यात उतरलं की मात्र दयामाया नाही. कोणी धापा टाकत काठ धरला की वरून आवाज यायचाच, "दम लागला म्हणजे दम वाढतोय. अजून एक!"

आणि शिकायचे हो सगळे. पाणी बघून थरथरणारी माणसं, साठी उलटलेल्या बायका, एक पाय लहान असलेला पोस्टमन, सगळे. बाईंच्या हाताखालून गेला आणि कोरडा राहिला असं कधी झालं नाही. उगाच नाही सांगत, ज्यांना ती कर्दनकाळ वाटायची तेही आपली पोरं तिच्याकडेच आणून सोडायचे.

कोरडी राहिले ती एकटी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो अंधार म्हणजे अस्मादिक. अर्धी लांबी गेले की माझ्या छातीत मांजराचं पिल्लू बसल्यासारखा आवाज यायचा. मी काठाचा दांडा धरायचे आणि म्हणायचे, "आई, दम लागतोय गं." आई म्हणायची, "सवय होईल. अजून एक." सवय डोंबलाची झाली! ओठ निळे पडायचे आणि बाकीच्या पोरी कुजबुजायच्या, "बाईंची मुलगी ना ही?" शेवटी मी तलावावर जायचंच सोडलं. दम्याचं निदान झालं ते लग्नानंतर, परक्या गावात. लग्न मोडून शिलाई मशीनसकट मी घरी परत आले तेव्हा पिशवीत श्वासाचा पंप होता. आईने तो बघितला, "असं का," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं होतं.

आई निवृत्त झाली त्या दिवशी तलावावर जुने विद्यार्थी जमले. त्यांचा म्होरक्या, सगळे ज्याला मासा म्हणायचे तो. हा मासा लहानपणी पाणी बघून रडायचा. पुढे तोच आईचा सगळ्यात तेज पोहणारा झाला, आणि आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं नळ आणि पाइपांचं दुकान आहे. भाषणं झाली, हार झाले, आणि मग माशाने लाल फीत बांधलेली टोपली आईच्या मांडीवर ठेवली. आत बुलडॉगचं पिल्लू. एवढंसं ते, पण जबडा पुढे, ओठ खाली, कपाळावर आठ्या.

चेष्टा करून बसलेली मोठमोठी माणसं शाळकरी पोरांसारखी माना खाली घालून उभी. आईने पिल्लाकडे बघितलं, पिल्लाने आईकडे. मग ती हसली. खदाखदा हसली, शिट्टी हलेपर्यंत.

"तुम्हाला काय वाटलं, मला माहीत नव्हतं?" ती म्हणाली, "आणा तो इकडे. माझाच आहे."

सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी माशाला बाजूला घेतलं. "अरे, कुत्रा आहे की पुष्पगुच्छ? कोणाला विचारलंस? घरात कोण करणार याचं?"

"अगं ताई, बघ तरी किती गोड आहे."

"गोड गूळही असतो. गूळ घोरत नाही." कारण ते पिल्लू टोपलीत टक्क जागं होतं आणि चक्क घोरत होतं. "याचे आईबाप बघितलेस का?"

"फोटो बघितले ना. विकणारा माणूस चांगला वाटला."

दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं. पण खरं सांगायचं तर जागेपणी घोरणारं पिल्लू बघून त्या दिवशी मीसुद्धा हसलेच होते. वाटलं, जातच अशी असेल.

त्याचं नाव पडलं ढोल्या. आमचं घर तळमजल्यावर, पुढे फरशीचं अंगण, बाजूने गच्चीवर जाणारा जिना. अंगणाकडच्या खिडकीशी माझं मशीन. ढोल्या आला आणि त्या मशीनखालची गार फरशी त्याची झाली. त्याचं करता करता माझ्या नाकी नऊ आले म्हणून सांगते. तोंडावरच्या घड्या रोज ओल्या कापडाने पुसायच्या आणि मग कोरड्याने, कारण ओल राहिली की आत लाल होतं आणि वास मारतो. तोंड झालं की शेपूट. शेपटीच्या बुडाशी एक खळगा असतो, तोही पुसायचा. आयुष्यात कोणाच्या इतक्या खाजगी बाबतीत मी लक्ष घातलं नव्हतं! आणि त्याचा वारा! गिऱ्हाईक ब्लाउजचं माप द्यायला उभं असायचं, वास यायचा, ते माझ्याकडे बघायचं, मी ढोल्याकडे बघायचे आणि ढोल्या शांतपणे खिडकीबाहेर बघायचा.

हट्टी तर असा की रस्त्यात बसला की बसला. ओढा, दटावा, बिस्किट दाखवा, साहेब हलणार नाहीत. मी वैतागायचे आणि आई कौतुकाने म्हणायची, "कणखर आहे." कानामागून आला आणि तिखट झाला! तिच्या हातून एक शाब्बासकी मिळावी म्हणून मी जन्मभर वाट बघितली, आणि हा नुसता फरशीवर पसरला तरी शाब्बास.

पण आई ती आईच. हाताशी विद्यार्थी आहे आणि शिकवायचं नाही, हे तिला झेपणारं नव्हतं. तिने अंगणात मोठा टब भरला आणि ढोल्याला आत ठेवलं. कुत्र्यांना पोहणं शिकवावं लागत नाही, असं तिनेच मला शंभरदा ऐकवलेलं. ढोल्या पाण्यात दगडासारखा खाली गेला. मोठं डोकं, भरलेली छाती, काडीएवढे पाय, तो तरंगणार कुठून? आईने त्याच क्षणी त्याला वर काढला. तो शिंकला, फुरफुरला, आणि तिच्याकडे असा बघत राहिला की मला हसू आवरेना.

"हसतेस काय," आई म्हणाली, "आधी याचा दम वाढवायला हवा. मग पाणी."

इथे तिची चूक झाली. दुसऱ्या कोणी केली नसती. दुसऱ्या कोणी कुत्रा धापा टाकतोय म्हटल्यावर त्याला बसू दिलं असतं. पण पोहायला शिकवण्यात जिचा जन्म गेला त्या माझ्या आईच्या लेखी धाप म्हणजे आळसावरचं औषध. तिने शिट्टी पुन्हा गळ्यात घातली आणि अंगणात फेऱ्या सुरू केल्या. ती पुढे, ढोल्या मागे. त्याचा तिच्यावर एवढा जीव की तो धावायचाच. घर्र, घर्र, घर्र करत, जीभ लोंबकळत.

मी खिडकीतून ओरडायचे, "आई, त्याला दम लागतोय!"

"लागू दे. दम लागला म्हणजे..."

"माहितीये मला पुढचं!" मी म्हणायचे आणि मशीन जोरात चालवायचे. राग यायचा मला. त्या घरघरीने माझीच छाती भरून यायची.

उन्हाळा चढायला लागला. त्या दिवशी आईला बँकेत उशीर झाला, म्हणून सकाळच्या फेऱ्या ऊन वर आल्यावर निघाल्या. मी एका झग्याला अस्तर लावत होते. शिट्टी ऐकली, "अजून एक" ऐकलं, आणि मग शिट्टी तोंडातून पडल्यासारखी अर्धीच तुटली. बघते तर ढोल्या फरशीवर आडवा. जीभ जांभळी. डोळे उघडे, पण आमच्याकडे बघत नव्हते.

आई नुसती उभी. पाण्यातून माणसं ओढून काढलेली बाई, पण कोरड्या जमिनीवर गुदमरणाऱ्याचं काय करायचं ते तिला कळेना. मी तशीच धावले, नळाला पाइप लावून त्याच्या पोटावर, पायांवर पाणी सोडलं, आणि माशाच्या नावाने बोंब ठोकली. मासा दुकान उघडं टाकून टेम्पो घेऊन आला. आई मागे ढोल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी ओल्या टॉवेलने वारा घालत होते, आणि माझाच श्वास असा अडकला की मला मधे पंप घ्यावा लागला. आईने ते बघितलं.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, पण हात पक्का. तिने त्याला गार केलं, नाकाशी ऑक्सिजन धरला, आणि जीभ परत गुलाबी होईपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलली नाही. मग हात पुसत म्हणाली, "वाचला. याला उन्हात कोणी पळवलं?"

"मी," आई म्हणाली. "त्याचा दम वाढवत होते."

डॉक्टरने ढोल्याचं नाक आम्हाला दाखवलं. "इथे गोल भोकं हवीत. याला नुसत्या फटी आहेत. आत टाळूचं मागचं टोक लांब आहे, ते श्वासाच्या वाटेत लोंबतं. मोठ्या कुत्र्याचं सगळं सामान एवढ्याशा तोंडात कोंबलंय. जागेपणी घोरायचा ना पहिल्यापासून? लोकांना ती गंमत वाटते. आणि कुत्रा धापा टाकूनच अंग गार करतो. याला धापच नीट टाकता येत नाही."

"पण सरावाने?" आईने विचारलं. "हळूहळू वाढवत नेलं तर?"

"सरावाने फुप्फुसं वाढतील, पण वाट कशी वाढणार? जितकं पळवाल तितका तो गुदमरेल. ऑपरेशन करून नाकपुड्या रुंद करता येतात, टाळू कापून आखूड करता येतो. पण आधी वजन उतरवायला हवं. आणि या जातीला भूल देणं जोखमीचं असतं. शुद्धीवर येतानाच धोका जास्त. विचार करून सांगा."

घरी आल्यावर आईने बिस्किटांचा डबा काढला, त्यातली एक नळी घेतली, दातांत धरली, चिमटीने नाक दाबलं आणि गच्चीचा जिना चढायला लागली. मी खालून बघत राहिले. तलावाची लांबी एका श्वासात पाण्याखालून पार करणारी बाई ती. अर्ध्या जिन्यात थांबली. आणखी दोन पायऱ्या चढली. मग मटकन खाली बसली, तोंडातली नळी काढून तिने मोठा श्वास घेतला, आणि नळी हातात धरून तशीच बसून राहिली. ढोल्या खाली पायरीशी मान वर करून तिची वाट बघत होता. त्याच्याने जिना चढवत नव्हता.

संध्याकाळी मासा आला. तोंड एवढंसं झालेलं. "बाई, चूक माझी आहे. मी त्या विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणतो, हा परत आणा, दुसरा देतो. चांगला श्वास असलेला."

"आणि याचं काय करणार तो?"

मासा खाली ढोल्याकडे बघायला लागला.

"पहिल्या दिवशी तू तलावाच्या दांड्याला मिठी मारून भोकाड पसरलं होतंस," आई म्हणाली. "आठवतंय? तेव्हा तुझ्या आईला मी विचारलं होतं का, हा परत न्या आणि दुसरा आणा म्हणून?"

मासा रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, पाइपांचा गठ्ठा एका खांद्यावर उचलणारा, आमच्या अंगणात हमसून हमसून रडला. दुसऱ्या दिवसापासून त्याने अंगणावर सावलीचं छत घातलं, मशीनशेजारी पंखा लावून दिला, आणि गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा मी शिवला त्याच्या कड्याही त्यानेच आणून दिल्या. गळ्याभोवती काही नको, डॉक्टरने बजावलं होतं.

आता आई वेगळीच शिकवणी करायला लागली. फिरणं पहाटेच्या गारव्यात आणि ऊन गेल्यावर, तेही थांबत थांबत. बिस्किटं बंद. ढोल्या बसला की तीही शेजारच्या कट्ट्यावर बसायची. लोक हसायचे, "काय बाई, फेऱ्या नाहीत आज?" ती म्हणायची, "याची फेरी इथेच संपते." वजन हटता हटेना, पण तिचा हट्ट त्याच्या हट्टाहून भारी. हवा गार झाली तोवर ढोल्याला कंबर नावाची गोष्ट दिसायला लागली होती.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला आत नेलं तेव्हा त्याने एकदाच मागे वळून बघितलं. दार बंद झालं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आईच्या हातांना काय करावं कळत नव्हतं. ती शिट्टीची दोरी चाचपायची आणि गळ्यात शिट्टी नाही हे तिच्या लक्षात यायचं. समोर भिंतीवर कुत्र्यांचे फोटो, आणि आतून काहीच आवाज नाही. हा उठला नाही तर ही बाई उठायची नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुला दम लागतो तेव्हा नेमकं काय होतं गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मला वाटलं होतं, कधी विचारलंच तर मी चांगली फाडफाड बोलेन. पण राग आलाच नाही.

"सगळ्यांना वाटतं, घेता येत नाही," मी म्हटलं. "घेता येतो. सोडता येत नाही. आत अडकून राहतो, मग नव्याला जागाच उरत नाही. तू काठावरून ओरडायचीस, श्वास सोड, श्वास सोड. मला सोडताच यायचा नाही, आई."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर म्हणाली, "बाई, आत या. तो शुद्धीवर येतोय. ओळखीचं माणूस जवळ हवं. घाबरला तर सूज वाढेल."

मी दारात थांबले. ढोल्या टेबलावर पालथा, तोंडात अजून नळी, जीभ बाहेर काढून ठेवलेली. आई त्याच्या तोंडाशी वाकली. तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता, एवढा हळू. "घाई नाही रे. काही घाई नाही. सावकाश." त्याच्या पापण्या हलल्या. घशाने एक गचका दिला. डॉक्टरने नळी काढली आणि आम्ही सगळे थांबलो. काहीच नाही. मग त्याची छाती वर आली. आईने त्याच्या नाकाशी हाताची पाठ धरली होती. ती म्हणाली, "येतोय. नाकाने येतोय." तोंड मिटून, नाकाने, घरघर न करता श्वास घेत होता तो.

"शाब्बास," आई म्हणाली. "शाब्बास माझ्या राजा."

डॉक्टरसुद्धा डोळे पुसत होती. माझं तर विचारूच नका.

आता ढोल्या जागेपणी घोरत नाही. झोपेत घोरतो, आणि वाऱ्याचं म्हणाल तर त्यावर ऑपरेशन निघालेलं नाही. तरी उन्हात तो अजून बाहेर जात नाही, पाण्याजवळ त्याला एकटं सोडत नाही, जिना चढवत नाही. ऑपरेशन झालं म्हणजे लांब नाकाचा कोल्हा झाला असं नाही, तो बुलडॉगच राहणार. हे डॉक्टरने सांगितलं आणि आईने जगाला सांगायचा वसा घेतला. डॉक्टर आता बुलडॉग घ्यायला निघालेल्या लोकांना आमच्या घरचा पत्ता देते. "आधी बाईंना भेटून या," म्हणते.

ते बिचारे गोड पिल्लाची स्वप्नं बघत येतात. आई त्यांना पाणीही विचारत नाही. बिस्किटांचा डबा पुढे करते. "नळी घ्या. दातांत धरा. नाक दाबा. आणि गच्चीवर जाऊन या." कोणी हसतो, कोणी लाजतो, पण आईच्या जबड्याकडे बघून जातात मुकाट. वरपर्यंत पोहोचणारा विरळा. खाली आले की प्रश्नांची सरबत्ती. पिल्लाचे आईबाप डोळ्यांनी बघितलेत की फोटोत? ते पळाल्यावर कसे आवाज करतात ते ऐकलंत? पिल्लाच्या नाकपुड्या उघड्या आहेत की चिमटीत धरल्यासारख्या? त्याच्या आईचं बाळंतपण पोट कापून झालं का, कारण या जातीत बहुतेकदा तसंच होतं आणि विकणारा ते सांगत नाही? भर दुपारी घरी कोण असतं? पुसापुशी कोण करणार? अर्धे लोक तिथूनच परत जातात. जे राहतात ते नीट बघून, ऐकून, महिनोन्‌महिने थांबून पिल्लू आणतात आणि आधी बाईंना दाखवायला येतात. मला भारी अभिमान वाटतो तेव्हा. बुलडॉग म्हणा नाहीतर काही म्हणा, आहे कोणाची आई अशी?

परवा एक वडील आणि त्यांची शाळकरी मुलगी आले. मुलीला बुलडॉग हवा होता. वडील धट्टेकट्टे, व्यायामशाळेत जाणारे. ते तोऱ्यात जिना चढले आणि वरच्या पायरीशी नळी फेकून धापा टाकत खाली आले. तोंड लालभडक. तरी हसत म्हणाले, "ठीक आहे हो बाई. जन्मापासून तसंच असेल तर सवय होत असेल ना त्यांना?"

मी खिडकीशी काज करत होते. मासा पंख्याची वायर बघत होता. आईने डब्याचं झाकण लावलं.

"नाही होत सवय," ती म्हणाली. "मीही असंच म्हणायचे. ही माझी लेक, लहानपणी पाण्यात धापा टाकत सांगायची, आई, दम लागतोय. मी काठावर उभी राहून म्हणायचे, सवय होईल, अजून एक. तिला दमा होता. ती खरं बोलत होती आणि मी चुकले होते. कुत्रा बोलत नाही म्हणून तुमची चूक चालून जाईल असं समजू नका. माझी लेक तर बोलत होती."

वडिलांनी मान खाली घातली. मासा वायर हातात धरून माझ्याकडे बघत होता. माझा पाय मशीनवर होता, पण खाली दाबला जात नव्हता.

ती दोघं पुन्हा येतो म्हणून गेली. अंगणात ऊन उतरलं होतं. आई आत आली, मशीनशी उभी राहिली. "काय गं, थांबलीस का?"

"दोरा तुटला," मी म्हटलं.

तिने दोऱ्याकडे बघितलं. अखंड होता. तिने खुंटीवरून ढोल्याचा पट्टा काढला, त्याच्या छातीवर बांधला, आणि मग खिडकीतला माझा पंप उचलून माझ्या हातात ठेवला.

"चल," आई म्हणाली. "तूही चल. हळू जाऊ."